चार बाय साडेसहाचं बाथरूम

राजाराम तायडेने पंचेचाळीस वर्षं साकीनाक्याच्या एका वर्कशॉपमध्ये लेथ चालवला. एवढ्या वर्षांत त्याच्या हातचा माल मापात चुकला म्हणून परत आला, असं फक्त दोनदा झालं. दोन्ही वेळा चूक ड्रॉइंगमध्ये होती, हे तो आजही महिन्या-वर्षासकट सांगतो. माणूस मूळचा मेहकरकडचा, बुलढाणा जिल्ह्यातला. सतराव्या वर्षी मावसभावाच्या मागे मागे मुंबईला आला आणि थेट मशीनपुढेच उभा राहिला. बोलणं कमी. शर्टाच्या खिशात पेनाशेजारी सहा इंची स्टीलची पट्टी, तो रिटायर झाल्यावरही ती तिथेच. भाजीवाला दुधी दाखवून 'हातभर आहे बघा' म्हणाला तरी ह्यांचा हात पट्टीकडे जातो, असं त्याची बायको मीरा सगळ्यांना सांगायची.

मीरा म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात आया होती, बायकांच्या वॉर्डात. अठ्ठावीस वर्षं तिने पेशंट उठवले, बसवले, त्यांना अंघोळी घातल्या, कपडे बदलले. दिवसभर दुसऱ्यांची अंगं धुऊन ती घरी आली की आधी स्वतःच्या अंघोळीला जायची. जुन्या घरात मोरीला नुसता पडदा होता. तो ओढून ती अर्धा तास आत बसे, आणि त्या अर्ध्या तासात तिला कोणी हाक मारायची नाही, हा घरचा नियम होता. एकदा दारात पाहुणे येऊन बसले होते तरी राजारामने तिला हाक मारली नव्हती.

पुढे घाटकोपरच्या पंतनगरातली त्यांची जुनी बिल्डिंग पाडून नवी उभी राहिली आणि त्यांना सातव्या मजल्यावर घर मिळालं. हॉल, किचन, बेडरूम, पॅसेजमध्ये संडास आणि बाथरूम वेगवेगळे, आणि बेडरूमला लागून आणखी एक छोटं बाथरूम. चार फूट रुंद, साडेसहा फूट लांब. मुलगी दर्शना लग्न होऊन मुलुंडला गेलेली. दोन माणसांना दोन बाथरूम कशाला, म्हणून राजारामने तिथे काही बसवूच दिलं नाही. पाइपांना बुचं मारली, एक जाड फळी टाकली, तिच्यावर वस्तू आवळून धरणारा व्हाइस बसवला, भिंतीवर कानशी, पाने, ड्रिलचे सेट ओळीने लावले. सोसायटीतल्या कोणाची कडी अडली, कोणाच्या मिक्सरचं भांडं फिरेना झालं, की माणसं त्या दाराशी येऊन उभी राहायची. रिटायर झाल्यावर राजारामचे दिवस असे बरे चालले होते.

मीरा रिटायर झाली त्याला चौदा महिने झाले होते. एका सकाळी कणीक मळता मळता तिचा उजवा हात परातीत तसाच राहिला. अर्धांगवायूचा झटका. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली ती गेलीच. बोलणं हळूहळू परत आलं, तेही तुटक, एकेक शब्द शोधून आणल्यासारखं. सात-आठ महिन्यांनी ती चार पायांची काठी डाव्या हातात धरून घरातल्या घरात चालायला लागली. अंघोळ घालायला सकाळी एक बाई यायची. रविवारी दर्शना यायची. बाई आली नाही तर राजाराम. अंगावर पाणी पडायला लागलं की मीरा डोळे मिटून घ्यायची आणि टॉवेल गुंडाळेपर्यंत उघडायची नाही. साबण डोळ्यांत जात असेल, असं राजारामला वाटायचं. म्हणून त्याने लहान मुलांचा साबण आणला. डोळे मिटलेलेच राहिले.

मग तो गुरुवार आला. बाईने दांडी मारली होती. राजाराम इस्त्रीचे कपडे आणायला खाली गेला, तिथे कोणीतरी भेटलं, पाऊण तास झाला. तो वर आला तेव्हा घरात मीरा नव्हती आणि पॅसेजमधल्या बाथरूमला आतून कडी होती. त्याने हाक मारली. आतून "हं" असा आवाज आला, खालून, जमिनीजवळून. त्या दाराला चार इंचांचा उंबरा होता. तो ओलांडून आत गेल्यावर वळताना ती पडली होती, आणि पडली ती दाराला टेकूनच. दार आत उघडणारं. कडी तोडून ढकलावं तर तिच्या अंगावर, न ढकलावं तर आत जायला वाट नाही.

राजारामने हॅकसॉची करवत आणली आणि प्लॅस्टिकच्या दाराचा वरचा अर्धा भाग कापला. मग स्टुलावर चढून, पासष्टाव्या वर्षी, तो वरून आत उतरला. मीरा दार आणि भिंतीच्या कोपऱ्यात पाठ लावून बसली होती. कोपर सोलवटलं होतं, बाकी काही मोडलं नव्हतं. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि म्हणाली,

"आधी टॉवेल द्या."

त्यानंतर तीन आठवडे तिने बाथरूममध्ये पाऊल टाकलं नाही. बिछान्यावर बसवून ओल्या फडक्याने अंग पुसून घ्यायची, तेवढंच. दर्शनाने समजावलं, रागावली, रडलीही. मीरा नकाराची मान हलवायची. राजारामला वाटत होतं, चूक आपली आहे. खाली रेंगाळलो ती चूक.

मीराला व्यायाम द्यायला ऋतिका नावाची फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून दोनदा यायची. पंचविशीची, बोलायला फटकळ पण हाताने मऊ. तिने एक दिवस बेडरूममधलं ते दुसरं दार उघडून पाहिलं आणि आत कानशी, पाने बघून उभीच राहिली. काका, हे बाथरूम आहे ना, तिने विचारलं. होतं, राजाराम म्हणाला. ऋतिका मग बराच वेळ बोलत होती. बिछान्यापासून सात पावलांवर जागा आहे, आणि आपण काकूंना रोज वीस पावलं पॅसेजमधून संडासपर्यंत चालवतोय. काकूंना चालायला मी शिकवीन, पण पोचल्यावर नीट जागा नको का? ती गेल्यावर राजारामने व्हाइसचे बोल्ट सैल करायला घेतले. सामान हलवायला दोन दिवस लागले. काही पलंगाखाली गेलं, काही वर्कशॉपमध्ये परत गेलं. तिसऱ्या दिवशी सकाळी त्या रिकाम्या खोलीत तो उभा राहिला आणि प्रथमच त्याला कळलं, की चार बाय साडेसहा म्हणजे किती थोडं असतं.

बिल्डिंगमधली पाच-सहा बाथरूमं श्यामसुंदर नावाच्या कंत्राटदाराने केली होती. नळ, लाद्या सगळं तोच बघायचा. तो आला, दारातूनच एक नजर टाकली आणि सांगून मोकळा झाला. कमोड समोर, बेसिन बाजूला, शॉवर कोपऱ्यात, मध्ये काच. सगळ्यांचं तसंच केलंय. राजारामने त्याला चहा दिला आणि पंधरा दिवसांनी ये म्हणाला.

मग त्याने आलेखाचे कागद आणले. एका चौकोनाला दोन इंच धरून खोली काढली. डाव्या अंगाला दार, समोरच्या भिंतीत पाइपांच्या डक्टमध्ये उघडणारी छोटी खिडकी, तिच्याखाली मधोमध मैल्याच्या पाइपचं तोंड. लग्नाच्या जुन्या पत्रिका कापून त्याच मापाचं कमोड केलं, बसायची बैठक केली, बेसिन केलं आणि ते तुकडे कागदावर सरकवत बसला. शेजारच्या चार घरांत जाऊन कमोडची उंची मोजून आला. स्वतः खुर्चीवर बसून उठताना हात कुठे जातो, गुडघ्यापुढे किती जागा लागते, ते मांडलं. अकरा दिवसांनी नकाशा तयार झाला. सगळं उजव्या भिंतीला: आत कोपऱ्यात कमोड, दाराजवळ अंघोळीला बसायची बैठक, भिंतीला लांब दांडी, कमोडवरून उठताना धरायला खिडकीच्या भिंतीला आणखी एक. डाव्या बाजूने सरळ वाट आणि तिथेच एक छोटं बेसिन. एक इंच वाया गेला नव्हता. वर्कशॉपमध्ये त्याच्याकडे आलेल्या कुठल्याही ड्रॉइंगपेक्षा हे ड्रॉइंग साफ होतं.

त्याने ते मीराला दाखवलं. तिने बराच वेळ पाहिलं आणि "चांगलं आहे" म्हणाली. राजाराम खूश झाला. पण ऋतिकाने कागद हातातही घेतला नाही. कागदावर कोण पडत नाही काका, ती म्हणाली, जमिनीवर काढा.

म्हणून एका दुपारी राजारामने हॉलमधला सोफा भिंतीला लावला आणि लादीवर खडूने चार बाय साडेसहाची चौकट आखली. कमोडच्या जागी खुर्ची, बैठकीच्या जागी स्टूल, बेसिनच्या जागी पाण्याचा रिकामा ड्रम. दांडीचं काय करावं सुचेना, तेव्हा तो स्वतः भिंतीच्या जागी उभा राहिला, जळमटं काढायच्या झाडूची काठी कमरेच्या उंचीला आडवी धरून. मीरा खडूच्या दारातून आत आली. काठी टेकत, ड्रमच्या कडेने, खुर्चीपर्यंत गेली. तिथे वळताना डगमगली, आणि राजारामने एका हाताने तिला सावरून बसवलं.

"आता उठ," तो म्हणाला. "ही दांडी धर आणि उठ."

मीराने त्या आडव्या काठीकडे पाहिलं. ती तिच्या उजवीकडे होती. मग तिने मांडीवर पडलेल्या आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं.

"माझा हात कुठला?" तिने विचारलं.

राजारामने काठी खाली ठेवली. अकरा दिवस तो खुर्चीवर बसला होता, उठला होता, हात कुठे जातो ते मोजत होता. तो हात त्याचा स्वतःचा होता, उजवा. घरातल्या प्रत्येक वस्तूचं माप त्याने घेतलं होतं, मीराचं घ्यायचं राहिलं होतं. तो खाली खडूच्या रेघांजवळ बसला. त्याला वाटलं ती रागावेल, निदान काही बोलेल. ती मात्र खडूच्या रेघांकडे बघत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर आजारपणाआधीचं काहीतरी आलं होतं. ड्यूटीवर जाताना साडीची पिन लावताना ती अशी दिसायची.

"माणूस बसताना पडत नाही," ती म्हणाली. थांबली. पुढचा शब्द शोधला. "वळताना पडतं."

मग ती एकेक करून सांगत गेली. एरवी दोन वाक्यांत दमणारी मीरा त्या दुपारी तासभर बोलली. वॉर्डातल्या बाथरूममध्ये तिने किती बायका पडताना पाहिल्या होत्या त्याची गणती नव्हती, पण कशा पडल्या ते एकूण एक तिच्या लक्षात होतं. बेसिन नको, ती म्हणाली. पेशंट तोल गेला की बेसिनलाच धरतो आणि बेसिन भिंतीतून निघून येतं. तोंड पॅसेजमधल्या बेसिनमध्ये धुवेन. साबण खाली नको, मांडीच्या उंचीला. टॉवेल समोर नको, बाजूला, नाहीतर माणूस वाकतं. आणि दांडी एका भिंतीला असून चालत नाही. "जाताना डावा हात ह्या भिंतीला," ती म्हणाली, "येताना त्या."

हे राजारामच्या डोक्यात आलंच नव्हतं. आत जाताना डावीकडे असलेली भिंत बाहेर येताना उजवीकडे होते. त्याने पायाने खडू पुसला आणि खुर्ची उचलून डाव्या भिंतीला, आतल्या कोपऱ्यात ठेवली. मीराने जाऊन पाहिलं. आता डावा हात आधी डाव्या भिंतीवर होता. पाव वळण घेऊन खुर्चीला पाठ केली, की तोच हात खिडकीच्या भिंतीवर येत होता. उठलं, पुन्हा पाव वळण घेतलं, की हात पलीकडच्या भिंतीवर. तिथून दोन पावलं बैठकीपर्यंत, आणि बैठकीवर बसलं की डाव्या हाताला दाराशेजारची भिंत. सगळी चाल घड्याळाच्या काट्यासारखी एकाच दिशेने. मूळ जागा बदलली होती ती एका कमोडची, पण मीराचा हात कुठेच रिकामा सुटत नव्हता.

"खोली मोठी असती तर जमलं नसतं," राजाराम म्हणाला. "दोन्ही भिंती हाताला आल्या नसत्या."

"लहान आहे," मीरा म्हणाली, "तेच बरं आहे."

पुढचे चार दिवस हॉलमध्ये कोणाला बसायला जागा नव्हती. रोज थोडा खडू पुसायचा, थोडा नव्याने काढायचा. दर्शना रविवारी आली ती चौकट ओलांडून किचनमध्ये गेली, तर मीराने तिला परत बोलावलं आणि खडूच्या दारातून जायला लावलं.

मग दांडीचा प्रश्न आला. बाजारात मिळणाऱ्या दांड्या मीराच्या मुठीला जाड होत्या आणि गुळगुळीत होत्या. राजारामने तिला घरातल्या गोल वस्तू एकेक करून धरायला दिल्या: लाटणं, मुसळी, छत्रीची मूठ, पडद्याचा रॉड. लाटण्याच्या मधल्या भागावर तिची बोटं पूर्ण बसली. व्हर्नियरने त्याची जाडी मोजली, तीस मिलिमीटर. तो साकीनाक्याला जुन्या वर्कशॉपमध्ये गेला. त्याच्या हाताखाली शिकलेला देवेश आता तिथे फोरमन होता. त्याने 'जय भीम काका' म्हणून हात मिळवला आणि कारण ऐकल्यावर दुपारभर एक लेथ मोकळा करून दिला. तीन वर्षांनी राजाराम मशीनपुढे उभा राहिला. त्याने स्टेनलेस स्टीलच्या पाइपांवर हात धरायच्या जागी बारीक तिरप्या खाचा पाडल्या, अवजारांच्या मुठीला असतात तशा, म्हणजे साबणाचा हातही निसटणार नाही. मग पॉलिश पेपरने त्यांची धार इतकी मारली की तळहाताला टोचू नये. गालावर फिरवून पाहिलं आणि मगच पाइप मशीनवरून उतरवला.

श्यामसुंदर आला तेव्हा नकाशा बघून आधी हसला. बेसिन नाही, काच नाही, उंबरा नाही, असलं कसलं बाथरूम? उंबरा नसेल तर पाणी बेडरूममध्ये येणार, ह्यावर तो ठाम होता. शेवटी दोघांनी मिळून तोडगा काढला. जमिनीला आतल्या कोपऱ्याकडे उतार, आणि दाराच्या रेषेत पाणी जायला आडवी लांब जाळी. भिंतीत भोकं पाडायला घेतल्यावर आणखी अडचण निघाली. नव्या बिल्डिंगच्या आतल्या भिंती हलक्या ब्लॉकच्या. ड्रिल लावला की पिठासारखी भुकटी पडायची. तिथे स्क्रू काय धरणार? राजारामने बोल्ट भिंतीतून आरपार घेतले आणि पलीकडे लोखंडी पट्टी लावून आवळले. डक्टच्या बाजूच्या पट्टीसाठी श्यामसुंदर स्वतः डक्टमध्ये उतरला, एकदाही कुरकुर न करता. तोपर्यंत त्यालाही ह्या कामाची गोडी लागली होती. सगळं लागल्यावर राजाराम प्रत्येक दांडीला स्वतः लोंबकळला. मग श्यामसुंदरला लोंबकळायला लावलं, तो चांगला नव्वद किलोचा होता.

खालच्या मजल्यावर जयवंत परब राहायचे. सावंतवाडीकडचे, वडील गिरणीत होते, स्वतः बँकेतून रिटायर झालेले. बाथरूम उघडतायत म्हटल्यावर ते वर आले. "माझ्या सिलिंगवर एक थेंब दिसलो तरी बघ हां, तायडे," त्यांनी आधीच सांगून ठेवलं. वॉटरप्रूफिंग झाल्यावर जमिनीवर चार इंच पाणी भरून दोन दिवस तसंच ठेवलं, आणि ते दोन दिवस जयवंतराव बॅटरी घेऊन आपल्या छताकडे बघत होते. थेंब आला नाही. तिसऱ्या दिवशी ते पुन्हा वर आले, दांडी धरून पाहिली, मुठीखालच्या खाचांवरून अंगठा फिरवला आणि खाली गेले.

दार राजारामने बाजूला सरकणारं केलं, बेडरूमच्या बाजूने. आत कोणी पडलं तरी अडणार नाही असं. सगळं संपल्यावर मीराला दाखवायला बोलावलं. तिने आत जाऊन कमोडवर बसून पाहिलं, बैठकीवर बसून पाहिलं, हाताने धरायचा शॉवर काढून परत लावला. मग दार सरकवलं आणि दाराच्या आतल्या बाजूला हात फिरवला.

"कडी?" तिने विचारलं.

राजारामने कडी लावली नव्हती. मुद्दाम लावली नव्हती. त्या गुरुवारचं कापलेलं दार त्याच्या डोळ्यांसमोरून गेलं नव्हतं. त्याने सांगितलं की दार लोटलेलं पुरे, घरात दोघंच तर आहोत, येतंय कोण? मीरा बैठकीवर बसली. त्याला वाटलं, पटलं.

"वॉर्डातल्या बाथरूमला दार नव्हतं," ती म्हणाली. "बायका रडायच्या. मी चादर धरायची. अशी." डावा हात तिने वर केला, उजवा वर झाला नाही. "बाकीच्या हसायच्या मला. एवढं काय, म्हणायच्या." तिने हात खाली घेतला. "मला दीड वर्ष सगळे बघतायत. तुम्ही, ती बाई, दर्शना. मी डोळे मिटते. मला कडी पाहिजे."

राजारामला साबण आठवला, लहान मुलांचा. खिशातून पट्टी काढून त्याने दाराच्या कडेची जाडी मोजली, कारण हाताला काहीतरी करायला हवं होतं. दोन दिवस खपून त्याने पितळेची कडी बनवली. आतून एका बोटाने लागणारी, आणि बाहेरच्या बाजूला नाण्याएवढी खाच. मीराने ती लावून, काढून पाहिली.

"बाहेरून उघडते?"

"रुपयाच्या नाण्याने. गरज पडली तरच."

"मी हाक मारली तरच," ती म्हणाली. "किंवा अर्धा तास झाला तर. त्याआधी नाही."

सोमवारी सकाळी तिने गाउन आणि टॉवेल काठीच्या दांड्यावर टाकला आणि आत गेली. राजाराम बेडरूममध्येच घुटमळत होता. दारामागून ती म्हणाली, "हॉलमध्ये जा." तो हॉलमध्ये जाऊन बसला. पेपर उघडला. पाणी सुरू झालं, बंद झालं, पुन्हा सुरू झालं. मग काहीतरी धाडकन पडलं. तो बेडरूमच्या दारापर्यंत पोचला होता, नाणं मुठीत होतं, खिशातून कधी काढलं कळलं नव्हतं. तेवढ्यात आतून तांब्या बादलीवर आपटल्याचा आवाज आला आणि पाणी पुन्हा वाहू लागलं. तांब्याच पडला होता. तो परत जाऊन बसला. एकोणतीस मिनिटं झाली. तीस झाली. तो उठला नाही. छत्तिसाव्या मिनिटाला कडी निघाल्याचा आवाज आला.

मीरा बाहेर आली ती भिंत धरून, मग काठी धरून. केस ओले, निथळणारे, आणि गाउन उलटा घातलेला, शिवण बाहेर. तिला ते माहीत नव्हतं, आणि राजारामने दिवसभर सांगितलं नाही. ती खिडकीजवळच्या खुर्चीत उन्हाला बसली. चेहरा असा, की बऱ्याच दिवसांनी गावाहून कोणी घरी आलं असावं.

"पाठीला हात पोचत नाही," थोड्या वेळाने ती म्हणाली. "लांब दांड्याचा ब्रश करा काहीतरी."

राजारामने ब्रश केला. पहिला दांडा सरळ केला, तो जमला नाही. दुसरा बाक देऊन केला. सकाळची बाई आता अंघोळीसाठी येत नाही. ऋतिकाने मीराला डाव्या हाताने वेणी घालायला शिकवायला घेतलं आहे. अजून ती घालते तेव्हा वेणी एका कानाकडे जाते, पण घालते स्वतःच. दर्शना रविवारी येते ती नुसती गप्पा मारायला.

महिन्याभराने जयवंतराव पुन्हा वर आले, ह्या वेळी हातात आमसुलांची पिशवी. त्यांची आई शेवंतीबाई चौऱ्याऐंशीची. डोळ्यांनी अंधुक दिसतं, पण अंघोळ आपली आपण करायचा हट्ट. त्यांच्या घरात बाथरूम तेच, चार बाय साडेसहा, बरोबर तायड्यांच्या खाली. "आमच्या आवशीसाठी पण असाच करूचा आसा," ते म्हणाले. "तुमचो नकाशो तेवढो द्या." राजाराम कपाटाकडे निघाला होता. मीराने त्याला थांबवलं. नकाशा राहू द्या, ती म्हणाली, मी खाली येते.

आजारानंतर ती प्रथमच कोणाच्या घरी गेली, लिफ्टने एक मजला. शेवंतीबाई पलंगावर बसल्या होत्या. मीरा त्यांच्यासमोर खुर्चीत बसली, काठी बाजूला ठेवली. राजाराम आलेखाचा कोरा कागद आणि पेन्सिल घेऊन तिच्यामागे उभा राहिला. जयवंतराव आईला समजावून सांगू लागले, दांडी कुठे येईल, कमोड कुठे येईल. मीराने हात वर करून त्यांना थांबवलं.

"आजी," तिने विचारलं, "अंघोळीला गेल्यावर तुम्ही आधी काय करता?"

शेवंतीबाईंनी मान वर केली. आवाज कुठून आला त्या बाजूला त्या वळल्या, पदर सारखा केला आणि सांगायला लागल्या. आधी हाताने भिंत चाचपते, मग पाट कुठे आहे ते पायाने बघते, मग बादली. पाट नेहमी त्याच जागी लागतो, पण सून पुसून झाल्यावर तो भिंतीला उभा करून ठेवते, आणि मग सगळा घोळ होतो. नळाचं पाणी गरम आहे की गार ते लाल-निळ्या खुणेवरून कळतं म्हणतात, पण खूण दिसायला तर पाहिजे. बोलता बोलता त्या पलंगाच्या कडेला सरकल्या. एवढं तपशिलाने त्यांना कोणी विचारलं नव्हतं. जयवंतराव उभे होते ते हळूच खाली बसले. मीरा मधून मधून "मग?" एवढंच म्हणत होती, आणि राजाराम लिहून घेत होता. नकाशा काढायला त्याने अजून सुरुवात केली नव्हती.